थिओडोर स्वेडबर्ग: रिपोर्टमधल्या ‘एलडीएल’मागचा शास्त्रज्ञ

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हातात आला की तुमची नजर बहुधा एलडीएलच्या आकड्यावर आधी जाते. तो लाल किंवा ठळक अक्षरात छापलेला असेल तर घरात काळजी सुरू होते. पण एलडीएल म्हणजे लो डेन्सिटी लायपोप्रोटीन, अर्थात कमी घनतेचे लायपोप्रोटीन. कमी म्हणजे कशापेक्षा कमी? आणि रक्तातल्या इतक्या बारीक कणाची घनता कोणी, कशी मोजली? एका स्वीडिश शास्त्रज्ञाचे आयुष्य समजून घेतले तर या प्रश्नाचे उत्तर मिळते. शिवाय आपल्या रिपोर्टमधल्या आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी पुन्हा विचारायचे, हेही कळते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. कोलेस्टेरॉल रक्तात सुटे फिरत नाही. तेल जसे पाण्यात मिसळत नाही, तशी चरबीही रक्तात मिसळत नाही. म्हणून यकृत आणि आतडे चरबीचे बारीक थेंब करून त्याभोवती प्रथिनांचे आवरण चढवतात. हेच कण म्हणजे लायपोप्रोटीन. ज्या कणात चरबी जास्त आणि प्रथिन कमी, तो हलका. प्रथिन जास्त असेल तर कण जड आणि घट्ट. एलडीएल आणि एचडीएल ही नावे या हलके-जडपणावरून पडली. चांगले आणि वाईट कोलेस्टेरॉल ही भाषा नंतर आली. दोन्ही कणांतले कोलेस्टेरॉल एकच असते, फरक त्याला वाहून नेणाऱ्या गाडीत आहे.

उप्सालाचा तरुण

थिओडोर स्वेडबर्ग यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८४ रोजी स्वीडनमध्ये येव्हले शहराजवळच्या फ्लेरेंग या गावी झाला. ते एकुलते एक. वडील कारखान्याचे व्यवस्थापक होते. थिओडोरचे छोटे रूप ‘टे’, आणि ते इंग्रजी अक्षरांत ‘द’सारखे लिहिले जाते. त्यामुळे त्यांच्या शोधनिबंधांवरचे नाव ‘द स्वेडबर्ग’ असे वाचून अनेक जण बुचकळ्यात पडतात.

१९०४ मध्ये ते उप्साला विद्यापीठात दाखल झाले आणि पुढचे जवळजवळ सगळे आयुष्य तिथेच गेले. त्यांना वनस्पतींचे वेड होते. तरीही त्यांनी रसायनशास्त्र निवडले, कारण सजीवांमध्ये जे चालते त्याचा उलगडा शेवटी रसायनशास्त्रातूनच होणार असे त्यांना वाटत होते. १९०८ मध्ये डॉक्टरेट झाली आणि १९१२ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते भौतिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्यांचा विषय होता कलिल, म्हणजे द्रवात तरंगत राहणारे अतिसूक्ष्म कण. दूध हे त्याचे घरातले उदाहरण. या काळात त्यांनी कणांच्या अखंड थरथरीवर, म्हणजे ब्राउनियन गतीवर, काम केले. त्या मोजमापांतून काढलेले त्यांचे निष्कर्ष आइन्स्टाइन आणि पेरँ यांना पटले नाहीत, आणि चूक स्वेडबर्ग यांच्याकडेच होती. पण प्रयोगात त्यांचा हात चालत असे, आणि कणांचा आकार मोजायचा हे त्यांच्या डोक्यात पक्के बसले होते.

पाण्यात गढूळ माती ढवळली तर मोठे खडे लगेच तळाला जातात, रेती थोड्या वेळाने, आणि अगदी बारीक गाळ दिवसभर तसाच राहतो. बसण्याच्या वेगावरून कणाचा आकार कळतो. मात्र प्रथिनासारखा कण इतका लहान असतो की पृथ्वीच्या ओढीने तो कधीच तळाला बसणार नाही. मग ओढ वाढवायची, म्हणजे गरगर फिरवायचे.

फिरवून वेगळे करणे स्वीडनला नवे नव्हते. दुधातून साय वेगळी करणारे यंत्र गुस्ताफ द लावाल या स्वीडिश अभियंत्याने १८७८ मध्ये केले होते. आपल्याकडच्या डेअऱ्यांत तेच तत्त्व आजही वापरतात. स्वेडबर्ग यांना वेगळे काही हवे होते. फिरत असतानाच आतले दिसले पाहिजे, त्याचे फोटो काढता आले पाहिजेत. १९२३ मध्ये ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला, आठ महिन्यांसाठी गेले. तिथे निकोल्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी अशा यंत्राचा पहिला नमुना केला. उप्सालाला परतल्यावर १९२४ मध्ये हर्मन रिंडे यांच्याबरोबर सुधारित यंत्र उभे केले आणि त्याला अल्ट्रासेंट्रिफ्यूज हे नाव दिले.

हिमोग्लोबिनची रात्र

इथे तुमच्या ओळखीच्या आणखी एका चाचणीचा माणूस भेटतो. ईएसआर तुम्ही कधी ना कधी केला असेल. उभ्या नळीत रक्त ठेवायचे आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते पाहायचे. ही चाचणी वैद्यकात रुजवणाऱ्यांपैकी एक होते रॉबिन फोरेयस. तेच डॉक्टर आता स्वेडबर्ग यांच्याकडे काम करायला आले. पेशी बसतात हे त्यांना ठाऊक होते. पेशीच्या आतले हिमोग्लोबिन बसेल का, हा पुढचा प्रश्न होता.

त्या काळात प्रथिनाच्या रेणूला ठरलेले वजन असते हेच अनेकांना मान्य नव्हते. प्रथिन म्हणजे लहान-मोठ्या गुठळ्यांचा चिकट गोळा, असा समज होता. तसे असते तर फिरवल्यावर काही भाग आधी, काही नंतर बसला असता आणि सीमा अस्पष्ट राहिली असती. प्रयोग चालू असताना फोरेयस रात्रभर यंत्रापाशी थांबले. द्रावणाचा वरचा भाग हळूहळू स्वच्छ होत आहे, लाल रंगाची कड खाली सरकते आहे, हे त्यांना दिसले आणि त्यांनी रात्रीच स्वेडबर्ग यांना घरी कळवले. मोजणी केल्यावर हिमोग्लोबिनच्या रेणूचे वजन साधारण ६७,००० आले. त्यातल्या लोहावरून रसायनतज्ज्ञांनी जे किमान वजन काढले होते, त्याच्या चौपट. म्हणजे रेणू चार भागांचा होता, आणि सगळे रेणू एकसारखे होते.

यंत्र पुढे फारच दांडगे झाले. १९२६ पर्यंत मिनिटाला बेचाळीस हजार फेरे आणि पृथ्वीच्या ओढीच्या लाखभर पट जोर इथपर्यंत मजल गेली. तुलनेसाठी, तुमचे रक्त घेतल्यावर गावातल्या लॅबमध्ये नळी ज्या सेंट्रिफ्यूजमध्ये घालतात ते साधारण तीन हजार फेरे घेते. त्याने पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर सीरम उरते, एवढेच. स्वेडबर्ग यांचे स्टीलचे चक्र तेलाच्या दाबावर चालणाऱ्या टर्बाइनने फिरायचे. हवेच्या घर्षणाने ते तापू नये म्हणून भोवती विरळ हायड्रोजन भरलेला असे. चक्रे कधी कधी फुटायची, त्यामुळे यंत्राभोवती भक्कम आडोसा लागे.

या यंत्रात त्यांनी गोगलगाईचे रक्तही फिरवले. गोगलगाईच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असलेले हिमोसायनिन असते. मुरूडच्या बाजारातल्या खेकड्यात, शेवंडीत आणि माकलीतही तेच असते, म्हणून त्यांचे रक्त हवा लागली की निळसर होते. गोगलगाईच्या हिमोसायनिनचा रेणू हिमोग्लोबिनच्या कित्येक पट मोठा निघाला, तरीही सगळे रेणू एकसारखेच. १९२६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक स्वेडबर्ग यांना मिळाले. त्याच वर्षीचे भौतिकशास्त्राचे पारितोषिक पेरँ यांना मिळाले, ज्यांनी त्यांच्या तरुणपणीच्या कामातली चूक दाखवली होती.

यंत्रात दिसले, पण ओळखता आले नाही

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

१९३० नंतरच्या दशकात उप्सालाच्या धर्तीच्या यंत्रांत माणसाचे सीरम फिरवले जाऊ लागले. अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या प्रथिनांच्या कडा नीट दिसायच्या. पण अल्ब्युमिनच्या कडेजवळ एक विचित्र उंचवटा येई. तो कधी मोठा, कधी लहान दिसे. सीरम पातळ केले की त्याचे रूप बदले. स्वेडबर्ग यांचे जवळचे सहकारी काई पेडरसन यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला, त्याला एक्स-प्रथिन असे नाव दिले आणि १९४५ च्या प्रबंधात मांडले. त्यात चरबी आहे हे त्यांनी ओळखले होते. मात्र अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन आणि चरबी यांची ती सैल जुळणी असावी, असे त्यांचे मत झाले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मिशेल माशबफ यांनी १९२९ मध्येच घोड्याच्या सीरममधून चरबी आणि प्रथिन एकत्र असलेला पदार्थ वेगळा केला होता. तरीही हे दोन धागे जुळायला वेळ लागला.

अडचण साधी होती. उंचवट्यातल्या कणाची घनता भोवतालच्या दाट सीरमइतकीच होती. त्यामुळे तो धड बुडत नव्हता, धड वर येत नव्हता, एका जागी गोळा होत होता. संपूर्ण यंत्र आणि त्यामागचा विचार हा काय किती वेगाने बुडते, यावर उभा होता. माझ्या मते तिथेच नजर अडली. स्वेडबर्ग यांची आणखी एक आवडती कल्पना होती की सगळ्या प्रथिनांची वजने एकाच मूळ आकड्याच्या पटीत येतात. ती पुढे टिकली नाही.

कोडे सुटले ते बर्कलीत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डॉनर प्रयोगशाळेत. जॉन गॉफमन, फ्रँक लिंडग्रेन आणि हॅरोल्ड एलियट यांनी १९४९ मध्ये सीरममध्ये मीठ घालून त्याची घनता वाढवली आणि मग ते फिरवले. बाकीची प्रथिने खाली गेली आणि ते गूढ कण वर तरंगून आले.

हे समजायला तुम्हाला प्रयोगशाळेची गरज नाही. तुमच्या घरी भातशेती असेल तर पेरणीआधी बियाण्याला तीन टक्के मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करतात, हे तुम्ही पाहिले असेल. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ. पोचट, हलके दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. भरीव दाणे तळाला बसतात, ते धुऊन पेरायचे. साध्या पाण्यात बुडणारे काही दाणे मिठाच्या पाण्यात तरंगतात, कारण पाणी जड झालेले असते. गॉफमन यांनी रक्ताच्या बाबतीत नेमके हेच केले.

त्यातून सीमा ठरल्या. १.००६ या घनतेला जे तरंगते ते व्हीएलडीएल आणि जेवणानंतर येणारे कायलोमायक्रॉन. १.०१९ ते १.०६३ या पट्ट्यातले ते एलडीएल. १.०६३ ते १.२१ मधले एचडीएल. काशीदच्या समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५ धरली, तर त्यात सगळे एलडीएल तरंगणार नाही. १.०६३ साठी समुद्राच्या अडीच पट खारट पाणी लागेल. रिपोर्टवर छापलेल्या नावांचा उगम हा इतका साधा आहे: किती खारट पाण्यात कोणता कण वर येतो.

कण किती वेगाने वर येतो हे मोजायच्या एककाला गॉफमन यांनी स्वेडबर्ग यांचेच नाव लावले. बुडण्याच्या वेगाचे एकक त्याआधीपासून स्वेडबर्ग हेच होते. ज्यांना तो कण ओळखता आला नाही, त्यांच्या नावानेच तो मोजला गेला.

गॉफमन यांचे म्हणणे होते की हृदयविकाराचा धोका ओळखायला एकूण कोलेस्टेरॉलपेक्षा हे कण मोजणे अधिक उपयोगी आहे. अमेरिकेत यावर मोठा सामूहिक अभ्यास झाला आणि १९५६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा बहुतेक संशोधकांना ते पटले नाही. यंत्र महाग आणि काम वेळखाऊ, त्यामुळे दवाखान्यात एकूण कोलेस्टेरॉलच चालू राहिले. पुढे कण मोजण्याकडे वैद्यक परत वळले, पण त्याला बराच काळ गेला.

उत्तरार्ध

दुसऱ्या महायुद्धात स्वीडनला रबर मिळेनासे झाले तेव्हा स्वेडबर्ग कृत्रिम रबराच्या कामाला लागले. त्यांचे शिष्य आर्ने टिसेलियस यांनी विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करायची इलेक्ट्रोफोरेसिस ही पद्धत विकसित केली आणि १९४८ चे नोबेल मिळवले. मायलोमाची शंका असली की तुम्हाला सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करायला सांगतात, ती याच घराण्यातली चाचणी.

१९४९ मध्ये प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावरही ते थांबले नाहीत. उप्सालातच गुस्ताफ वेर्नर संस्थेत त्यांनी सायक्लोट्रॉनभोवती नवे काम सुरू केले. तिथे १९५७ मध्ये कॅन्सरच्या पेशंटवर प्रोटॉन किरणांनी उपचार झाले. जगातल्या सुरुवातीच्या अशा उपचारांपैकी हे होते. आपल्या रायगड जिल्ह्यात, खारघरला, टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचार मिळतात.

घरच्या आयुष्याबद्दल थोडक्यात: चार लग्ने, बारा मुले. पहिल्या पत्नी आंद्रेआ आंद्रेन डॉक्टर होत्या. वनस्पती गोळा करण्याचा तरुणपणचा छंद शेवटपर्यंत राहिला. २५ फेब्रुवारी १९७१ रोजी, ८६ व्या वर्षी, स्वेडबर्ग यांचे निधन झाले.

तुमच्या रिपोर्टमधला आकडा

त्यानंतरच्याच वर्षी, १९७२ मध्ये, अमेरिकेतल्या फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन यांनी एक सूत्र प्रसिद्ध केले. अल्ट्रासेंट्रिफ्यूजने काढलेल्या एलडीएलशी ताडून पाहिलेले हे सूत्र वापरले की ते यंत्र न चालवताही एलडीएल काढता येते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा, उरले ते एलडीएल. आजही अनेक लॅबमध्ये असेच होते. काशीदला घेतलेले रक्त अलिबागला जावो की मुंबईला, एलडीएल तिथे बहुधा मोजलेले नसते, वजाबाकी करून काढलेले असते. रिपोर्टवर त्यापुढे ‘कॅल्क्युलेटेड’ असे लिहिलेले सापडेल. मोजलेले असेल तर ‘डायरेक्ट’.

ही वजाबाकी बहुतेकांसाठी पुरेशी चांगली आहे. पण ट्रायग्लिसराइड वाढले की ती डळमळते, आणि ४०० च्या वर गेले की वापरू नये असे सूत्र देणाऱ्यांनीच सांगितले होते. आपल्याकडे डायबेटीस, सुटलेले पोट आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड हे त्रिकूट इतके नेहमीचे आहे की हा मुद्दा पुस्तकी राहत नाही.

समजा तुमच्या वडिलांना डायबेटीस आहे. एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड ३८०. सूत्राने एलडीएल येते ९९. आकडा शंभराच्या आत, म्हणून घरात सगळे खूश, आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायची का अशी चर्चा सुरू. आता दुसरी वजाबाकी करा: २१० मधून फक्त ३५ वजा. उत्तर १७५. याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. रक्तवाहिनीला त्रास देणाऱ्या सगळ्या कणांतले कोलेस्टेरॉल यात येते. एलडीएलचे लक्ष्य १०० असेल तर नॉन-एचडीएलचे साधारण १३० धरतात. १७५ म्हणजे बरेच वर. ९९ पाहून गोळी बंद केली असती तर धोका तसाच राहिला असता. नॉन-एचडीएल काढायला वेगळा खर्च नाही, उपाशी पोटीच रक्त दिले पाहिजे असेही नाही.

दोन लॅबचे एलडीएल वेगळे आले तर आधी दोन्हीकडे पद्धत कोणती होती ते पाहा. एक कॅल्क्युलेटेड आणि दुसरे डायरेक्ट असेल तर फरक पडतोच. तेवढ्यावरून औषध लागू पडले नाही असे ठरवू नका आणि स्वतःहून डोस बदलू नका. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर बारा तास उपाशी राहून पुन्हा तपासणी करावी लागते. तरीही जास्तच आले तर डायरेक्ट एलडीएल किंवा अ‍ॅपो-बी सांगता येते. प्रत्येक एलडीएल कणावर अ‍ॅपो-बी हे प्रथिन एकच असते, म्हणून ते मोजले की कणांची संख्या कळते. गॉफमन जे मागत होते ते आता एका साध्या नळीतून मिळते.

एक कण मात्र या सगळ्या वजाबाक्यांत स्वतंत्रपणे दिसत नाही. लायपोप्रोटीन(ए) हा एलडीएलसारखाच, पण एक जादा प्रथिन चिकटलेला कण. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी तो शोधला, तोही सेंट्रिफ्यूजने नव्हे, अँटिबॉडी वापरून. त्याचे प्रमाण मुख्यतः जन्मतःच ठरलेले असते, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासले की पुरते. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ही चाचणी नसते, वेगळी लिहून द्यावी लागते. तुमच्या घरात वडील, भाऊ किंवा काकांना पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला असेल तर पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांकडे हा विषय काढा.